कमरेइतकं इंग्रजी

जमादार मास्तर सोमवारी गेले. मंगळवारी सकाळी मी वाचनालयाचं दार उघडलं. वर्गातली माणसं आली, बाकांवर बसली. आठचा टोला पडल्यावर उठून आपापल्या कामाला गेली. फळा कुणी पुसला नाही.

त्यानंतर मी बरेचदा लिहायला बसलो आणि उठलो. माणूस रोज समोर असतो तोवर त्याच्याविषयी लिहायचं सुचत नाही. गेल्यावर लिहायला घ्यावं, तर आधी त्याचे बूटच आठवतात.

ते बूट पलटणीतले होते, किंवा पलटणीतल्यासारखे शिवून घेतलेले होते. रोज सकाळी वर्गाच्या आधी मास्तर वाचनालयाच्या पायरीवर बसून ते घासत. घासता घासता, पायरी चढणाऱ्या प्रत्येकाला इंग्रजीत काहीतरी विचारत. आज उशीर का, घरी पाव्हणे आलेत का, कोटाचं बटण कुठं गेलं. उत्तर येवो न येवो, नजर बुटावरच. मी एकदा त्यांना म्हणालो, की तुम्ही माणसाकडे पाहत का नाही? ते म्हणाले, "बुकवाले, मोठ्या माणसाकडं बघून इंग्रजी इचारलं की ते लाजतंय. बुटाकडं बघितलं की त्याला वाटतंय, बुटानंच इचारलं."

मला ते बुकवाले म्हणत. मी साताऱ्याच्या आमच्या लहानशा वाचनालयाचा ग्रंथपाल, शिपाई आणि कधीकधी झाडूवालाही. मास्तरांचं नाव जोतीराम जगदाळे. गाव कोरेगावच्या पुढं. पहिल्या लढाईत ते पलटणीबरोबर इराकातल्या बसऱ्याला गेले आणि परतले ते शिपायांना इंग्रजी शिकवणारे जमादार होऊन. दुसरी लढाई सुरू झाली तेव्हा ते पेन्शनीत होते. ते आमच्या मंडळाकडे आले आणि म्हणाले, सकाळी वाचनालय बंदच असतं, तेवढा वेळ खोली द्या, मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतो. अध्यक्षांनी विचारलं, मोठ्या म्हणजे कोणत्या इयत्तेच्या? मास्तर म्हणाले, "इयत्ता सोडून दिलेल्या."

वर्गाला कोण येईल अशी आम्हाला शंका होती. आले ते असे: दवाखान्यातला कंपाउंडर, मोटार स्टँडवरचा तिकीटवाला, एक हवालदार, दोन शिंपी, कचेरीतले कारकून आणि कचेरीतलेच शिपाई. दाराशी चटईवर दोन बायका बसत. त्यांचे नवरे फौजेत होते. तार आली तर ती वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात जायला नको, एवढंच त्यांना शिकायचं होतं.

ते दिवस इंग्रजांनी जावं म्हणून रस्त्यावर उतरायचे होते. एका सकाळी गांधीटोपी घातलेला एक तरुण दारात उभा राहून मास्तरांना म्हणाला, "मास्तर, साहेब चालला. आता तुमचं दुकान उठलं म्हणायचं." मास्तरांनी बुटाचा फडका झटकला. "साहेब जाईल रं गड्या. साहेबानं केल्यालं कागद कुठं जात्यात? ती तुलाच वाचायची हायेत. ये, बस." तो तरुण बसला नाही, पण दोन-तीन वर्षांनी आला.

मास्तरांच्या कोटाच्या उजव्या खिशात गुळाचे खडे आणि भाजलेले शेंगदाणे असत. बरोबर उत्तराला त्यातलं काही मिळत नसे. "मला समजलं नाही, पुन्हा सांगा" एवढं जो इंग्रजीत म्हणेल, त्याला गुळाचा खडा. बरोबर उत्तराला गूळ कशाला, ते आधीच गोड लागतं, असं त्यांचं म्हणणं. या नियमामागे एक गोष्ट होती. मागे बसऱ्याला त्यांच्याच हाताखालून इंग्रजीची दुसरी परीक्षा उतरलेला एक शिपाई होता. साहेबानं त्याला काहीतरी सांगितलं. त्यानं सलाम ठोकून 'यस सर' म्हटलं आणि पलटणीची सगळी खेचरं नदीपलीकडे नेऊन उभी केली. साहेबाला ती अलीकडेच हवी होती. साहेब अलीकडून हात हलवत होता आणि हा पलीकडून सलाम करत होता. ती गोष्ट सांगताना मास्तर स्वतःच शिपाई होत आणि स्वतःच साहेब होत. खेचर तेवढं मला व्हावं लागे.

खेचरांच्या त्या दिवसापासून फौजेतल्या परीक्षांच्या थर्ड, सेकंड, फर्स्ट या शब्दांवरचा त्यांचा विश्वास उडाला. कोण किती पाण्यात आहे हे ज्या परीक्षेतून कळत नाही ती परीक्षा कसली, असं ते म्हणत. आणि म्हणता म्हणता त्यांनी पाण्याचंच माप केलं. दुकानावरची पाटी वाचता आली, आपलं नाव-गाव सांगता आलं, तर इंग्रजी घोट्याइतकं. आलेली तार वाचून घरच्यांना नीट सांगता आली तर गुडघ्याइतकं. एकदा सांगितलेलं काम समजून करता आलं, अर्ज लिहिता आला, पण मध्येच कुणी वेगळं विचारलं की पाय सुटला, तर कमरेइतकं. आधी न ठरवलेल्या गोष्टीवर दोन माणसांत बोलता आलं तर छातीइतकं. आणि तळाला पाय लागत नाही तरी घाबरत नाही, तो पोहतो. स्वतःला ते छातीइतक्यातला म्हणत. त्यांच्या वर्गात पास आणि नापास हे शब्द नव्हते. पाण्यात उभा राहिलेला माणूस नापास कसा होईल?

आणखी एक बाब त्यांनी मला नीट समजावली. एकाच माणसाचं वाचायचं पाणी निराळं, लिहायचं निराळं, कानाचं निराळं आणि तोंडाचं निराळं. माझी परीक्षा त्यांनी हौसेनं घेतली. म्हणाले, "बुकवाले, वाचायला तुमी पोहताय. बोलायला मात्र गुडघा. त्यो बी कोरडा." हे इतकं खरं होतं की मी इंग्रजीत काहीच उत्तर देऊ शकलो नाही.

कानाची परीक्षा घेताना ते माणसाला भिंतीकडे तोंड करून बसवत आणि मागून बोलत. समोरच्याच्या तोंडाकडे पाहून जे समजतं ते इंग्रजी नव्हे, ते तोंड, असं त्यांचं मत होतं.

आमच्या वर्गातल्या ढवळे हवालदारांनी खात्याची परीक्षा दोनदा दिली होती. तिथले प्रश्न वर्षानुवर्षं त्याच क्रमानं येत, म्हणून त्यांनी उत्तरं ओळीनं पाठ केली होती. मास्तरांनी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात केली. हवालदार गप्प. दुसरा प्रश्न, गप्प. तिसऱ्याला ते भिंतीकडे तोंड ठेवूनच शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुमी उलटं निघालाय. मी हितं उभा ऱ्हातो. तुमी चालत माझ्यापत्तूर आलासा की बोलतो." वर्ग हसला. मास्तर सगळ्यांत जास्त हसले आणि त्यांनी हवालदारांना गूळ दिला, कारण समजलं नाही हे त्यांनी निदान मराठीत तरी कबूल केलं होतं.

सुरुवातीला मास्तर निकाल मोठ्यानं सांगत. एकदा कचेरीतले हेडकारकून गुडघ्याइतके निघाले आणि त्यांचाच शिपाई कमरेइतका. शिपायाला आनंद लपवता आला नाही. हेडकारकून दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. मास्तर त्यांच्या घरी गेले, तर आतून निरोप आला की ते पूजेला बसलेत. तीनदा गेले, तिन्ही वेळा पूजाच. मास्तर फार खट्टू झाले. मला म्हणाले, "आकडा खरा हुता, बुकवाले. पर माणूस गेलं."

उपाय त्यांना सांगलीत सापडला. त्यांची मुलगी तिथं दिली होती, म्हणून महिन्यातून एकदोनदा ते जात. हळदीच्या सौद्यात त्यांनी व्यापारी पाहिले. दोघे हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून भाव ठरवतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा त्या दोघांतच राहतो. मास्तर परत आले ते एक मोठा तांबडा रुमाल घेऊन. पुढच्या परीक्षेपासून निकाल रुमालाखाली. एक बोट दाबलं तर घोटा, दोन तर गुडघा, तीन कंबर, चार छाती. पंजा धरला तर पोहतो. बाहेर येणारा प्रत्येक माणूस सारखाच गंभीर चेहरा करून येई. हेडकारकुनांची पूजा त्याच महिन्यात आटोपली.

मग सांगलीतही वर्ग सुरू झाला. कधीकधी मीही मास्तरांबरोबर जाई. तो भरायचा मल्लाप्पा नावाच्या हळदीच्या अडत्याच्या वखारीत. बाकांच्या जागी हळदीची पोती. वर्गातून उठून गेलेला माणूस मागून ओळखू यायचा. मल्लाप्पांना बाहेरगावच्या व्यापाऱ्यांशी बोलायला इंग्रजी हवं होतं. पहिल्या परीक्षेनंतर मास्तरांनी रुमालाखाली त्यांची दोन बोटं दाबली. मल्लाप्पांनी लगेच उलट तीन दाबली. मास्तरांनी पुन्हा दोन. मल्लाप्पांनी तीन. रुमाल बराच वेळ हलत राहिला. शेवटी मास्तर वैतागून म्हणाले की हा निकाल आहे, सौदा नव्हे, इथं घासाघीस नाही. मल्लाप्पा शांतपणे म्हणाले, "मग रुमाल कशाला टाकलाय ओ?"

 मास्तरांनी दोन बोटं दाबली आणि तिसऱ्याच्या अर्ध्यावर नख टेकवलं. मल्लाप्पांनी समाधानानं हात बाहेर काढला, अडीच मिळाले म्हणून सगळ्या वखारीला सांगितलं आणि चहा मागवला. साताऱ्याला परत येताना गाडीत मास्तर मधूनच हसत होते. मी जागा झालो की म्हणत, "रुमाल कशाला टाकलाय म्हणं."

हे सगळं चाललेलं असताना सांगलीच्या संस्थानी कचेरीत नोटीस लागली. संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झालं होतं. तोवर कचेरीचा बराच कारभार मराठीत होता. आता वरचे कागद इंग्रजीत येणार होते. कारकुनांसाठी इंग्रजीच्या दोन परीक्षा ठेवल्या होत्या, एक खालची आणि एक वरची. वरची उतरेल त्याची जागा कायम. खालची उतरेल त्याला नोकरी राहील, पण एक पायरी खाली. प्रत्येकानं एकाच परीक्षेला बसायचं. ती उतरली नाही तर घरी. कोणत्या परीक्षेला बसायचं ते त्या दिवशी सकाळी दारात सांगायचं होतं.

माझ्या ताईचे यजमान नरहरपंत त्या कचेरीत कारकून होते. त्यांच्या मोत्यासारख्या अक्षराची कचेरीत ख्याती होती. इंग्रजी कागदाची नक्कल त्यांनी करावी आणि मूळ कोणतं, नक्कल कोणती, असा प्रश्न पडावा. म्हणून त्यांचं इंग्रजी उत्तम आहे असं सगळे धरून चालले होते, आणि सगळे म्हणत म्हणून तेही. ताईला मात्र धाकधूक होती. घर त्यांच्या एकट्याच्या पगारावर चालायचं. तिनं मला लिहिलं, की तुमच्या मास्तरांना एकदा घेऊन ये.

आम्ही गेलो. मास्तरांनी पंतांना माजघराच्या भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि मागून एक साधा कचेरीचा हुकूम इंग्रजीत सांगितला: अमुक कागद शोधा, तमुक तारखेचा नसेल तर परत पाठवा आणि का नाही ते लिहा. पंतांनी उत्तर लिहिलं. अक्षर पाहून माझे डोळे निवले. मजकूर मात्र भलत्याच हुकुमाचा होता. मास्तरांनी तसाच आणखी एक हुकूम सांगितला, मग आणखी एक. नंतर रुमाल काढला. रुमालाखाली काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही. पंतांनी हात झटकन मागे घेतला आणि ते अंगणात जाऊन उभे राहिले. ताईनं पानं मांडली. मास्तरांनी पिठलं दुसऱ्यांदा मागून घेतलं. वाढताना ताईनं हळूच विचारलं, "किती हो, मास्तर?"

"वयनी, रुमालाखालचं भाईर काढत न्हाईत," ते म्हणाले. मग म्हणाले, "पिठलं झ्याक झालंय."

तेवढ्यानं ताई समजली.

निघताना मास्तरांनी पंतांना एवढंच सांगितलं, की खालच्या परीक्षेला बसा. पंतांनी हा सल्ला ऐकून घेतला. मागाहून मात्र मला म्हणाले, की ज्याला टाक धरायला मी शिकवलं तो सदू कुलकर्णी वरच्या परीक्षेला बसतोय, आणि मी खालच्या बसू? पलटणीतल्या जमादाराला कचेरीतलं काय कळतं? त्यांनी कचेरीत सगळ्यांना सांगून टाकलं की आपण वरच्याच परीक्षेला बसणार.

परीक्षेच्या दिवशी मास्तर न बोलावता सांगलीला आले. सकाळी आम्ही दोघं परीक्षेच्या इमारतीबाहेर कडुनिंबाखाली उभे होतो. दारासमोर दोन रांगा होत्या. वरच्या परीक्षेची लांब होती. खालच्या रांगेत दोन नवीन पोरं आणि एक कानानं कमी ऐकणारे म्हातारे कारकून, एवढेच. सदू कुलकर्णीनं लांबूनच हाक मारली, "पंत, इकडे या, जागा धरलीय." पंत त्या बाजूला वळले. दोन पावलं गेले आणि परत आमच्याकडे आले. त्यांनी मास्तरांच्या खांद्यावरचा रुमाल स्वतःच ओढून घेतला, मास्तरांच्या हातावर टाकला आणि खाली आपला हात घातला.

रुमाल हलला. थांबला. पुन्हा हलला. पंत दाबून पाहत होते आणि मास्तर तेच ते उत्तर देत होते, हे मला बाहेरूनही समजत होतं.  पंत अगदी हळू आवाजात म्हणाले, "मल्लाप्पाला अर्धं बोट वाढवून दिलंत ना?"

"दिलं."

"मग मला का नाही?"

"मल्लाप्पाचं काय जाणार हुतं, पंत? त्यो दोनावर बी हळदच इकणार, अडीचावर बी हळदच इकणार. तुमचं घर हाय ह्याच्यावर. हितं मी अर्धं बोट वाढवून दिलं, तर ते वयनींच्या ताटातनं जायाचं." मास्तरांनी हात सोडला नाही. "आवं, लिवायच्या हाताला तुमच्या चार हायेत. माझ्या बी हाताला न्हाईत तेवढी. पर आत साहेब बोलणार हाय. तुमचा कान अजून गुडघ्यात उभा हाय. दोन वर्सं द्या मला."

 सदूनं दुसरी हाक मारली. पंतांनी उपरणं नीट केलं आणि ते त्या दोन पोरांच्या मागे जाऊन उभे राहिले. वरच्या रांगेतले कितीतरी जण वळून पाहत होते. पंत समोरच्या पोराच्या पाठीकडे पाहत होते.

वरच्या परीक्षेला साहेबानं मजकूर तोंडी सांगितला, तोही बाकांच्या मागून फिरत फिरत. बाहेर आलेल्यांचे चेहरेच सांगत होते. त्यातले बरेच पुढे घरी बसले. सदू उतरला, पोरगा खरंच हुशार होता. पंत खालची उतरले. खुर्ची गेली, नोकरी राहिली, आणि बदली साताऱ्याला झाली. ताईनं मास्तरांना लाडू पाठवले. मास्तरांनी ते खाल्ले आणि डब्यात भुईमुगाच्या शेंगा भरून तो परत केला. पंतांनी मात्र त्या शेंगांना हात लावला नाही. अख्खा पावसाळा ते वाचनालयावरून जाताना पलीकडच्या बाजूनं जात. मास्तर पायरीवर बूट घासत बसलेले असत. ते मान वर करत नसत.

दसऱ्याच्या सुमाराला पंत एका सकाळी अचानक पायरी चढून आले. माफी नाही, नमस्कार नाही. तक्रार घेऊन आले होते. नवा साहेब फार भरभर बोलतो, म्हणाले. मास्तर म्हणाले, मग त्याला सांगा, हळू बोल. पंत म्हणाले, "तेच तर सांगता येत नाही." मास्तर बाकावर सरकले आणि म्हणाले, "बसा."

त्यानंतर पंत रोज येऊ लागले. केस पिकलेले, शेजारी तिकीटवाला आणि शिंपी, आणि कान लावून बसलेले. घरी ते ताईशीही इंग्रजीत बोलू लागले. ताई मला म्हणाली, की पूर्वी रागावले तरी कळायचं, आता आधी विचारावं लागतं.

मास्तरांना मी शेवटचं पाहिलं ते शनिवारी. वर्ग संपला होता. मी आत पुस्तकं लावत होतो. बाहेरच्या पायरीवर मास्तर आणि नरहरपंत एकमेकांच्या पाठीला पाठ टेकून बसले होते. मास्तरांचं तोंड राजवाड्याकडे, पंतांचं माझ्या दाराकडे. दोघांचं इंग्रजीत बोलणं चाललं होतं. विषय होता यंदाच्या ज्वारीचा. पंतांना ज्वारीतलं काही कळत नव्हतं आणि मास्तर ते मुद्दाम भरभर बोलत होते. पंत मध्येच डोळे मिटत, ऐकत, आणि मोठ्यानं हरकत घेत. पाठीमागून मास्तर हसत, तेव्हा पंतांचीही पाठ हलत होती. भाजीची पाटी घेतलेली एक बाई थबकली आणि मला म्हणाली, "काय ओ, भांडल्यात व्हय दोघं? तोंडं फिरवून बसल्यात." मी म्हणालो, शिकतायत. "ह्या वयात?" असं म्हणून ती पुढे गेली. उन्हं वर आली तसे मास्तर उठले, कोट झटकला, कोरेगावची मोटार गाठायची म्हणाले आणि निघाले. सोमवारी ते वारले, आपल्या गावी, घरात, झोपेत. निरोप दुपारी आला.

वर्ग अजून रोज सकाळी भरतो. शिकवायला कुणी मिळालेलं नाही. मंडळानं खोली पुढच्या वर्षापर्यंत देऊ केली आहे. नरहरपंत वरच्या परीक्षेला पुन्हा बसता येतं का, ते कचेरीत विचारून आले. येतं, असं कळलं. बसणार की नाही ते त्यांनी सांगितलेलं नाही. तोवर वर्गातली माणसं येतात आणि आठ वाजेपर्यंत एकमेकांशी इंग्रजीत बोलत बसतात.